चावडीवरची हजेरी आणि राहिलेली भरपाई



हजेरी हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. शाळेत बाई हजेरी घ्यायच्या. रोजगार हमीच्या कामावर मुकादम मस्टरवर हजेरी मांडतो आणि ती मांडली तरच मजुरी निघते. म्हणजे आपल्या दृष्टीने हजेरी लागणं चांगलं, ती चुकली तर नुकसान. पण आपल्याच सातारा-सांगलीच्या गावांत एकेकाळी वेगळी हजेरी होती. ती चावडीवर लागायची. ज्यांची नावं तिच्यात होती त्यांनी चोरी केली होती असं नाही. ते ज्या घरात जन्मले, तेवढाच त्यांचा गुन्हा.

अण्णा भाऊ साठे यांचं वाटेगाव आपल्याला माहीत आहे. आज ते सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात येतं. १९२० साली अण्णा भाऊ जन्मले तेव्हा तो सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. अण्णा भाऊंची ‘फकिरा’ १९५९ साली आली. आपल्यापैकी कितीतरी जणींनी ती वाचली असेल, निदान सिनेमा पाहिला असेल. त्यात मांग समाजावर लादलेली हजेरी येते. कादंबरी म्हटली की वाटतं, लेखकाने थोडं वाढवून सांगितलं असेल. हजेरीच्या बाबतीत तसं नाही. ती कायद्याच्या पुस्तकात कलमवार लिहिलेली होती.

त्या कायद्याचं नाव गुन्हेगार जमाती कायदा. इंग्रजांनी तो १८७१ मध्ये प्रथम उत्तर हिंदुस्थानसाठी केला, १९११ मध्ये त्याला मुंबई इलाख्यातही आणलं आणि १९२४ मध्ये पुन्हा नीट बांधून काढला. तो चालायचा कसा, ते ऐका. सरकार राजपत्रात छापायचं की अमुक जमात गुन्हेगार आहे. छापलं की झालं. ते खरं की खोटं, हे विचारायचा अधिकार कोर्टालाही नव्हता. मग त्या जमातीच्या माणसांची नोंद व्हायची, बोटांचे ठसे घेतले जायचे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागायची. गाव सोडायचं तर परवानगी. रात्री-अपरात्री कुठे उभा दिसला आणि कोर्टाला वाटलं की हा चोरीच्या बेतात होता, तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. चोरी झालेली नसली तरी!

काहींना तर वसाहतींत नेऊन ठेवलं. सोलापूरची ‘सेटलमेंट’ म्हणून जी जागा लोक अजून दाखवतात, ती त्यातलीच. तिथली माणसं गिरण्यांत राबायची आणि परत तारेच्या कुंपणात यायची. आणि आपण बायकांनी लक्षात ठेवावं असं एक कलम त्यात होतं. अशा जमातींची सहा ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून काढून सरकारने चालवलेल्या शाळेत ठेवायची मुभा सरकारला होती. आईची संमती वगैरे काही नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. रामोशी समाज या यादीत होता. गावाची राखण करणारा, गडकोटांवर पहारा देणारा हा समाज. इंग्रजांनी गडांवरचा पहारा मोडला, वतनं काढून घेतली, उमाजी नाईकांनी बंड केलं तर त्यांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिली. ज्याच्या हातात गावाची किल्ली होती, त्यालाच पुढे कायद्याने चोर ठरवलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत कडू गोष्ट ही आहे.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाली होती. आपल्या गावात पंधरा ऑगस्टला झेंडावंदन होत होतं, तेव्हाही देशात ही माणसं या कायद्याच्या यादीत होतीच.

आता आजचा मुद्दा. जगात अलीकडे ‘संक्रमणकालीन न्याय’ असा एक विषय फार बोलला जातो. शब्द जड आहे, घरातल्या गोष्टीने तो उलगडतो. समजा एका घरात जुन्या कारभारणीने एका सुनेला चोर ठरवलं. रोज रात्री सगळ्यांसमोर तिची ट्रंक उघडून बघायची. तिच्या पोरांना तिच्याजवळ झोपू द्यायचं नाही. वीस वर्षं हे चाललं. मग कारभार दुसरीच्या हाती आला. नवी कारभारीण चांगली. ती म्हणाली, “आजपासून तुझी ट्रंक कोणी तपासणार नाही.” झालं का काम? ती सून काय म्हणेल? ती म्हणेल, बाई, तुमचे उपकार. पण मी चोर नव्हते, हे चारचौघांत म्हणा की. हे कोणी सुरू केलं, ते बोला. माझं जे गेलं ते भरून द्या. आणि उद्या चमचा हरवला तर पहिल्यांदा माझ्याकडे बघणार नाही, याची काय हमी?

या सुनेच्या मागण्या म्हणजेच तो जड शब्द. राजवट बदलली की जुन्या राजवटीच्या अन्यायाचं काय करायचं, याची ही रीत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १६ डिसेंबर २००५ रोजी जी तत्त्वं मान्य केली त्यांत ती अशीच मांडलेली आहेत: हिरावलेलं परत करणं, भरपाई देणं, पुनर्वसन करणं, सत्य जाहीर सांगून मान परत देणं आणि पुन्हा घडणार नाही याची हमी. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट गेल्यावर आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आयोग बसला. तिथे बायका येऊन नवऱ्याचं, मुलाचं काय झालं ते सांगायच्या. मग कार्यकर्त्या म्हणाल्या की स्वतःवर काय गुदरलं ते बायका सांगतच नाहीयेत, तेव्हा खास बायकांच्या सुनावण्या घेतल्या गेल्या. कॅनडात तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं घरांतून काढून निवासी शाळांत ठेवली होती. २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली, आयोग बसला, त्याने २०१५ पर्यंत हजारो लोकांचं म्हणणं नोंदवून घेतलं. आपल्याकडे मुलं काढून नेण्याचं कलम कायद्यात होतं, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकातही नाही.

आपल्या भागाला सत्तांतरानंतरच्या न्यायाचा अनुभव नाही असं कोणी म्हणू नये. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात कितीतरी माणसं भूमिगत होती, डोक्यावर बक्षिसं होती, वॉरंटं होती. इंग्रज सरकारच्या दप्तरी ते सगळे गुन्हेगारच. १९४६ मध्ये प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आलं आणि ही वॉरंटं मागे घेतली गेली. पुढे मानसन्मान झाले, निवृत्तिवेतन मिळालं, गावोगाव स्मारकं उभी राहिली. ते योग्यच झालं. म्हणजे कालचा ‘गुन्हेगार’ आज सन्मानाने कसा उभा करायचा, हे आपल्याला माहीत होतं. त्याच मातीतल्या रामोशी, पारधी, कैकाडी घरांसाठी आपण ते केलं नाही. त्यांची ट्रंक तपासणं थांबवलं, इतकंच.

खरं तर तेही पुरतं थांबलं नाही. जमातीचा कायदा गेला आणि सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. त्यात जमातीचं नाव नव्हतं, शिक्षा झालेल्या एकेका माणसाची नोंद होती. कागदावर हा फरक मोठा आहे, मी तो नाकारत नाही. पण ठाण्यातलं दप्तर आणि ठाण्यातली सवय तीच असेल, तर त्या नोंदीत नाव कोणाचं जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

ही गोष्ट जगाच्या वेशीवर टांगली गेली. सर्व प्रकारचा वांशिक भेदभाव नष्ट करण्याचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने तो १९६८ मध्ये मंजूर केला. करार मंजूर करणाऱ्या देशाला ठरावीक काळाने अहवाल द्यावा लागतो आणि तज्ज्ञांची समिती तो तपासते. आपल्या सरकारचं म्हणणं होतं की जात हा या कराराचा विषयच नाही. समितीने ते ऐकलं नाही. २००७ मध्ये तिने भारताला स्पष्ट सांगितलं की १८७१ च्या कायद्याचा डाग या जमातींवर अजून आहे, सराईत गुन्हेगारांचा कायदा रद्द करा आणि या लोकांचं खरोखर पुनर्वसन करा. जिनीव्हाच्या कागदावर आपल्या पालांतल्या माणसांबद्दल लिहिलं गेलं.

तुम्ही विचाराल, मग पुढे काय झालं? जिनीव्हाहून काही फौजदार येत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याला पोलीस नाहीत, हे खरं आहे. पण म्हणून तो निकामी ठरत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध आपल्याकडे कायदा नव्हता. तेव्हा १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचाच आधार घेतला आणि नियम घालून दिले. आज कारखान्यात, कार्यालयात जी तक्रार समिती असते, तिचं मूळ तिथे आहे. करार म्हणजे सरकारने जगासमोर दिलेला शब्द. दिलेल्या शब्दाची आठवण कोर्टात करून देता येते.

आणि जो शब्द दिलाच नाही, त्याचं काय? छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण तो अजून मंजूर केलेला नाही. सुपारी फोडली, लग्न राहिलं. दरम्यान १९९८ च्या जून महिन्यात, फलटणला लागून असलेल्या बारामतीत, एका पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी बंगालमध्ये बुधन शबर याचा कोठडीत मृत्यू झाला, तिथे उच्च न्यायालयाने त्याच्या विधवेला भरपाई द्यायला लावली. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि आपले ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी जी चळवळ उभारली, तिला या मृत्यूंनी धार आली. कोठडी फक्त याच लोकांना धोक्याची आहे असंही नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला, त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला गेला आणि पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. तेव्हा सगळी सांगली रस्त्यावर आली होती. ज्या वस्तीमागे रस्त्यावर येणारं शहर नसतं, तिथे काय होत असेल याचा विचार करावा.

दुसरी एक हकिगत पाहा. २००३ मध्ये नाशिक भागात दरोडा, खून आणि बलात्काराचा भयंकर गुन्हा घडला. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना पकडलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा ठरवली. नंतर फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती, त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं आणि तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. सोळा वर्षांना पाच लाख. तुम्ही रोजंदारीने हिशेब करून बघा. आणि ज्या घरातली माणसं मारली गेली, ज्या बाईवर अत्याचार झाला, तिलाही न्याय मिळाला नाहीच. चुकीच्या माणसाला धरलं की खरा माणूस मोकळा सुटतो. हे आपण चोरीच्या वेळी वस्तीकडे बोट दाखवताना विसरतो.

३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल मात्र मला महत्त्वाचा वाटतो. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी तुरुंगांतला जातिभेद उघड केला आणि सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कोणत्या जातीच्या कैद्याने झाडायचं, कोणी स्वयंपाक करायचा, हे तुरुंगाच्या नियमांतच लिहिलेलं होतं आणि भटक्या-विमुक्तांना जन्मतःच सराईत धरलेलं होतं. न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले, तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही हे पोलिसांनी पाहावं, असंही बजावलं. बहात्तर वर्षांनी ट्रंकेबद्दल कोणीतरी मोठ्याने बोललं.

भरपाई राहिली आहे, असं मी म्हणते. काहीच झालं नाही, असा त्याचा अर्थ घेऊ नका. आश्रमशाळा निघाल्या. राज्यात आरक्षण आहे. घरांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू इदाते यांच्या आयोगाने २०१८ मध्ये केंद्राला अहवाल दिले. रेणके आयोगाच्या अंदाजाने देशात हे लोक दहा-अकरा कोटींच्या घरात आहेत. पण लाभाच्या दारापाशी कागदाचा उंबरठा आहे. विमुक्त जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा मागतात. ज्यांना गावाने वेशीआत राहू दिलं नाही, त्यांनी साठ वर्षांपूर्वीचा पत्ता आणायचा! त्यात याद्यांचा घोळ. फासे पारधी अनुसूचित जमातीत, राजपारधी आणि पालपारधी विमुक्त जातीत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, आपल्याकडे विमुक्त जातीत. शिकल्या-सवरल्या माणसाचं डोकं फिरेल. पालातल्या बाईने कोणत्या खिडकीशी उभं राहायचं?

आणि पुन्हा घडणार नाही याची हमी? ती दिल्लीने द्यायची, जिनीव्हाने मागायची, पण ती मोडते गावात. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तरेकडून आलेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून जमावाने पट्ट्या-काठ्यांनी मारलं. ते दर्शनाला निघालेले वाटसरू होते. त्याआधी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला अशाच अफवेवर पाच जणांचा जीव गेला. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, जतच्या शेजारच्या मंगळवेढा भागातले. मोबाइलवर आलेला निरोप पुढे ढकलणारी बोटं आपल्याच घरातली असतात.

बायकांच्या मासिकात आणि बायकांच्या कार्यक्रमात आणखी एक बाजू झाकून चालणार नाही. बाहेरच्या अन्यायाने पिचलेला समाज आत जातपंचायतीच्या हाती जातो आणि तिथे दंड बहुधा बाईच्या वाट्याला येतो. कंजारभाट समाजात नव्या नवरीची कौमार्य चाचणी घेतली जायची. आपल्या सरकारने १९९३ मध्ये स्त्रियांविषयीचा करार मंजूर करताना एक पळवाट ठेवली आहे: कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत, त्या समाजाने स्वतः पुढाकार घेतल्याशिवाय आम्ही हात घालणार नाही. ठीक आहे. मग कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनीच २०१८ मध्ये पुढाकार घेतला आणि या चाचणीविरुद्ध उघड मोहीम चालवली. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध आधीपासूनच आवाज उठवला होता. आता महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे, २०१७ पासून तो अमलात आहे. वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, पंचांनी दंड लावला तरी आणि गावकीने टाकलं तरी.

काही कामाच्या गोष्टी सांगते, शेजारच्या वस्तीतल्या बाईलाही सांगा. अपवादाची परिस्थिती नसेल तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवाद करायचाच तर महिला पोलीस अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. साक्षीदार म्हणून चौकशी असेल तर बाईला ठाण्यावर बोलावता येत नाही, तिच्या राहत्या जागी यावं लागतं. पाल हीसुद्धा राहती जागाच. कोणालाही अटक केली तर कारण सांगायचं, घरच्यांना कळवायचं आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, फोन करायचा तर १५१०० हा क्रमांक आहे. मानवी हक्क आयोगाकडे साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो, वकील लागत नाही. मात्र घटनेपासून वर्षाच्या आत तो गेला पाहिजे. वर्ष उलटलं की आयोग हात वर करतो.

दाखल्यासाठी जुना पुरावा नसेल तर अर्ज करायचाच नाही असं समजू नका. अर्ज करा आणि स्थानिक चौकशीची लेखी मागणी करा. आजोबांचं नाव शाळेच्या जुन्या रजिस्टरात, जन्म-मृत्यूच्या नोंदीत, एखाद्या जुन्या कोर्टाच्या कागदात कुठे आहे का ते शोधा. बचत गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीने त्या बाईबरोबर तहसीलला एक चक्कर मारली तरी कारकुनाच्या बोलण्याचा सूर बदलतो.

दाखल्याला कोणकोणते कागद चालतात, अर्ज फेटाळला तर पुढे कुठे जायचं, हे पुढच्या भाषणात सविस्तर सांगेन. तोवर तुमच्या वस्तीवर कोणाचा अर्ज अडकला असेल तर त्याची पोच जपून ठेवायला सांगा.